मुंजाचा पिंपळ, मंगळाची पत्रिका

वारशाने मिळालेली समजूत आणि स्वतः तपासून स्वीकारलेली समजूत यांत एक मूलभूत फरक असा की, पहिलीच्या खरेखोटेपणाची नोंद सहसा कोणी ठेवलेली नसते. आजीने सांगितले, आईने पाळले आणि मुलीने पुढे चालवले, एवढाच तिचा पुरावा असतो. ती किती वेळा खरी ठरली याच्या गोष्टी घरोघरी सांगितल्या जातात, पण किती वेळा खोटी ठरली याचा हिशेब कोठेच सापडत नाही. धर्मश्रद्धा, रूढी आणि अंधश्रद्धा या तीन शब्दांवरून महाराष्ट्रात दीडशेहून अधिक वर्षे जो वाद चालू आहे, त्यातील बराचसा गोंधळ या एका गोष्टीकडे लक्ष दिले तर दूर होण्यासारखा आहे. विठ्ठलाच्या पायांवर डोके टेकवल्यावर मन निवते, असे म्हणणारा वारकरी स्वतःच्या अनुभवाविषयी बोलत असतो आणि त्याचा तो अनुभव खोटा ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु मंगळाची मुलगी घरात आली तर नवऱ्याचे आयुष्य कमी होते, ग्रहणात गरोदर बाईने भाजी चिरली तर मूल फाटक्या ओठाचे जन्मते, किंवा सापाचे विष मंत्राने उतरते, ही विधाने जगाविषयीची आहेत आणि जगाविषयीचे विधान तपासता येते. जे तपासता येते ते तपासण्याचे नाकारणे आणि त्याची किंमत बहुधा दुसऱ्याच कोणाला मोजायला लावणे, एवढ्याच अर्थाने या प्रकरणात अंधश्रद्धा हा शब्द वापरला आहे. देव मानावा की मानू नये हा येथील विषय नाही.

शिक्षण आणि यंत्रे आली की अंधश्रद्धा आपोआप जाईल, ही एकोणिसाव्या शतकातील अनेक सुधारकांची अपेक्षा होती, आणि ती इतका दीर्घ काळ कसाला लागलेला ठाणे ते कल्याण-डोंबिवली या पट्ट्यासारखा दुसरा मुलूख देशात क्वचितच सापडेल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्यात थांबली आणि १ मे १८५४ रोजी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. पुढे याच मार्गावर नोकरदार, पदवीधर, वाचनालये आणि नाट्यगृहे यांची शहरे उभी राहिली. तरीही त्याच मार्गावरच्या लोकलच्या डब्यात दाराशेजारच्या पत्र्यावर आणि खिडकीवरच्या पट्टीवर हाताच्या पंजाएवढे कागद चिकटवलेले दिसतात, ज्यांवर कोणा बाबाचे नाव, मोबाइल क्रमांक आणि वशीकरण, सवतीपासून सुटका, प्रेमविवाह, नोकरी, कोर्टकचेरी अशा कामांची यादी असते, आणि निकाल काही तासांत मिळण्याची हमी असते. तंत्र, मंत्र, ताईत यांच्या जोरावर रोग बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या केंद्रीय कायद्यानेच बंदी आहे, हे त्या डब्यातून रोज जाणाऱ्या हजारो सुशिक्षितांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणजे रेल्वे आली, पदव्या आल्या, आणि बाबा त्याच गाडीने प्रवास करू लागले. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर शंभराहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

कोकणातील लोकसमजुतींचा इंग्रजीतील एक मोठा संग्रह १९१५ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. तो आर. ई. एन्थोवेन या अधिकाऱ्याने सिद्ध केला असला तरी त्याची सामग्री ए. एम. टी. जॅक्सन याने जमवलेली होती. नाशिकचा कलेक्टर असताना २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांच्या गोळीला बळी पडलेला जॅक्सन तो हाच. जॅक्सनने प्रश्नावली तयार करून ठिकठिकाणच्या शाळामास्तरांकडे पाठवली होती, आणि ठाणे, कुलाबा, रत्नागिरी या जिल्ह्यांतील मास्तरांनी आपापल्या गावात लोक काय मानतात, काय पाळतात, कशाला भितात याची उत्तरे लिहून पाठवली. परकीय सत्तेच्या हेतूंविषयी काहीही म्हटले तरी त्या मास्तरांचे काम मोलाचे आहे, कारण ज्या गोष्टी तोवर केवळ कानांवरून कानांवर जात होत्या त्या त्यांनी गावाच्या नावानिशी कागदावर उतरवल्या, आणि त्यामुळे तेव्हाच्या समजुतींपैकी आज काय उरले आणि काय गेले याचा ताळा घेणे शक्य झाले.

या संग्रहात भुतांची मोठी वंशावळ आहे. मुंज झालेला पण सोडमुंज होण्यापूर्वी मेलेला ब्राह्मण मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो; बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो आणि तो पाण्याच्या आसपास वाटसरूंना भुलवतो; वासना मागे ठेवून किंवा वंशाला कोणी नसताना मेलेला माणूस समंध होतो; बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते. ही यादी नुसती मनोरंजक नाही. प्रत्येक भूत म्हणजे अपुऱ्या राहिलेल्या एखाद्या आयुष्याची खूण आहे, आणि त्या समाजाला कोणत्या मृत्यूंची सर्वाधिक धास्ती होती याचा तो विश्वासार्ह नकाशा आहे. आता या नकाशातील किती जागा रिकाम्या झाल्या ते पाहावे. डोंबिवलीत किंवा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील इमारतींत वाढलेल्या मुलाला मुंजा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागते. गिऱ्हा हे नाव तर त्याच्या आईवडिलांनीही ऐकलेले नसते. यासाठी कोणी मोहीम काढली नव्हती. विहिरी बुजल्या, पिंपळ रस्तारुंदीत गेले, रस्त्यांवर दिवे आले आणि जी भुते जागेला बांधलेली होती ती जागेबरोबर गेली.

हडळीची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण ती जागेला नव्हे तर भयाला बांधलेली होती, आणि ते भय खरे होते. बाळंतपणात बायका मरत, वारंवार मरत, आणि त्याचे कारण कोणी सांगू शकत नव्हते. कल्याणच्या जोशी घराण्यात १८६५ मध्ये जन्मलेली यमुना, लग्नानंतरची आनंदी गोपाळ जोशी, नवव्या वर्षी बोहल्यावर चढली, चौदाव्या वर्षी आई झाली आणि तिचे मूल दहा दिवसांत दगावले. त्या काळच्या घरात अशा मृत्यूला दृष्ट, बाधा, पूर्वजन्मीचे पाप अशी कितीतरी तयार उत्तरे होती. आनंदीबाईंनी त्यांपैकी एकही पुरेसे मानले नाही. स्त्रियांना तपासायला स्त्री वैद्य का नाही, असा प्रश्न त्यांनी विचारला आणि त्या उत्तराच्या शोधात अमेरिकेला जाण्याचे ठरवले. येथे त्यांच्यापुढे दुसरा वारसा उभा राहिला. धर्मशास्त्रातील कलिवर्ज्य म्हणजे कलियुगात करू नयेत अशा गोष्टींच्या यादीत समुद्रप्रवास येतो, आणि समुद्र ओलांडणारा जातीबाहेर जातो अशी रूढी होती. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी केलेल्या इंग्रजी भाषणात या आक्षेपाला सरळ उत्तर दिले: आपण हिंदू म्हणून जात आहोत आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, आपला आहारविहार आणि आचार बदलणार नाही, मग बहिष्काराचे भय कशासाठी? हा युक्तिवाद नीट पाहिला तर त्यात धर्म नाकारलेला नाही. धर्माच्या नावाने सांगितलेला एक नियम तेवढा वेगळा काढून, तो कशासाठी आहे आणि त्याने कोणाचे भले होते, एवढेच विचारले आहे. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र, म्हणजे त्यांनी स्वतःच्या परंपरेकडेही अभ्यासाचा विषय म्हणूनच पाहिले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी वयाच्या एकविसाव्या वर्षी पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. हडळ शेवटी मंत्राने हटली नाही. प्रसूतिगृहे, जंतुनाशके, रक्तपेढ्या आणि परिचारिका यांनी हटवली. २०१८ ते २०२० या काळातील नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, आणि जेथे बाळंतीण सुखरूप घरी येण्याची खात्री आहे तेथे हडळीला कोणी विचारत नाही.

यावरून एक निष्कर्ष निघतो, तो असा की ज्या संकटावर माणसाला खात्रीचा उपाय सापडतो त्या संकटाची अंधश्रद्धा क्षीण होते आणि ज्याच्यावर सापडत नाही त्याची नव्या वेशात टिकून राहते. मुलीचे लग्न, नोकरीची शाश्वती, घराचे कर्ज, मूल न होणे, मानसिक आजार ही आजच्या नागर आयुष्यातील अनिश्चिततेची ठिकाणे आहेत, आणि पत्रिका, वास्तुदोष, पितृदोष, कालसर्प यांचा व्यवहार नेमका याच ठिकाणी चालतो. चौदाव्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या घरात ईशान्येला न्हाणीघर निघाले म्हणून भिंत पाडणारा माणूस अडाणी नसतो. तो बहुधा वीस वर्षांच्या हप्त्यांनी वाकलेला असतो आणि त्या हप्त्यांवर त्याचा ताबा नसतो, तर भिंतीवर असतो. त्याची कीव करण्यापेक्षा त्याची भीती समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे.

या सगळ्यांत मंगळाची पत्रिका सर्वांत जास्त नुकसान करते, म्हणून तिचे गणित मुद्दाम तपासण्याजोगे आहे. जन्माच्या वेळी पूर्व क्षितिजावर जी रास उगवत असते तिला लग्न म्हणतात आणि तेथून मोजलेल्या बारा घरांपैकी पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ असेल तर पत्रिकेला मंगळ आहे असे मानतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे दर दोन तासांच्या सुमारास लग्नरास बदलते आणि मंगळ चोवीस तासांत बाराही घरांतून फिरून येतो. म्हणजेच कल्याणच्या कोणत्याही प्रसूतिगृहात, वर्षाच्या कोणत्याही दिवशी, चोवीसपैकी सुमारे दहा तासांत जन्मलेली सर्व बालके मंगळाची ठरतात. बारांत पाच हे प्रमाण शेकडा बेचाळीसच्या आसपास पडते. एवढ्या लोकांच्या जोडीदारांवर खरोखरच मृत्यूचे सावट असते तर ते लपून राहिले नसते, जन्ममृत्यूच्या कोणत्याही नोंदवहीत ते सहज दिसले असते. हे ओळखूनच मंगळ स्वराशीत असला तर दोष नाही, गुरूची दृष्टी असली तर दोष नाही, असे अपवाद शास्त्रात जोडले गेले, आणि कोणते अपवाद धरावेत याविषयी ज्योतिषांमध्ये एकमत नाही. तरीही वधूवरसूचक मंडळांच्या अर्जात मंगळाचा रकाना आजही असतो आणि त्या एका रकान्यापायी अनेक मुलींची स्थळे पाहण्याआधीच परत जातात, हा अन्याय आहे, आणि त्याला सौम्य शब्द वापरण्याचे कारण नाही.

फलज्योतिषाची अशी तपासणी प्रत्यक्ष प्रयोगानेही झाली आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह महाराष्ट्रातील ज्योतिषांना आवाहन करून २०० मुलांच्या पत्रिका तपासायला दिल्या, ज्यांपैकी १०० मुले शाळांनी हुशार म्हणून निवडलेली आणि १०० मतिमंद होती; पत्रिका पाहून मूल कोणत्या गटातील एवढेच सांगायचे होते. प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरे २७ ज्योतिषांनी पाठवली आणि त्यांची सरासरी अचूकता ४६ टक्के निघाली. एका ज्योतिषसंस्थेने सर्व २०० पत्रिका तपासल्या, तिची १०२ उत्तरे बरोबर आली. छापाकाटा करूनही निम्मी उत्तरे बरोबर येतात. २००९ मध्ये करंट सायन्स या नियतकालिकात हा निकाल प्रसिद्ध झाला. या प्रयोगाचे वैशिष्ट्य निकालापेक्षा त्याच्या पद्धतीत आहे, कारण त्यात ज्योतिषांची चेष्टा केलेली नव्हती, त्यांना संधी दिलेली होती, आणि चुकलेली उत्तरेही बरोबर उत्तरांइतक्याच काळजीने मोजलेली होती.

चुका मोजल्या नाहीत तर काय होते, याचे सर्वांत भीषण उदाहरण ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी तालुक्यांत, म्हणजे शहापूर आणि मुरबाडच्या बाजूला, सर्पदंशात दिसते. महाराष्ट्रात माणसाचा जीव घेणारे साप मुख्यतः चार आहेत: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. चावणाऱ्या सापांपैकी बरेच बिनविषारी असतात आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असे नाही. त्यामुळे भगताकडे, म्हणजे गावातील मांत्रिक वैदूकडे, आणलेले बरेच रोगी काही न करताही वाचणार असतात. ते वाचले की यश भगताच्या नावावर जमा होते, आणि जो दगावतो त्याच्याविषयी आणायला उशीर झाला किंवा देवाची मर्जी नव्हती असे म्हटले जाते. भगत बहुधा खोटारडा नसतो, त्याचा स्वतःचाही आपल्या मंत्रावर विश्वास असतो, कारण त्याच्या अनुभवात मंत्र खरोखरच पुष्कळदा लागू पडलेला असतो. ज्याला घोणस चावली आणि विष भिनले त्याच्यासाठी मात्र मंत्रात गेलेले दोन तास प्राणघातक ठरतात, कारण या चारही सापांच्या विषावर चालणारी प्रतिविषाची लस हाच एक उपाय आहे आणि ती वेळेवर टोचावी लागते. डॉक्टर नसलेल्या, वाहन नसलेल्या पाड्यावर भगताला दोष देऊन भागत नाही. जेथे लस पोहोचते तेथेच मंत्र मागे हटतो.

परंपरेची तपासणी परंपरेच्या आतूनही होऊ शकते, आणि त्याचे एक आदरणीय उदाहरण ठाण्यातच आहे. खगोल अभ्यासक आणि पंचांगकर्ते दा. कृ. सोमण वर्षानुवर्षे वृत्तपत्रांतून आणि व्याख्यानांतून सांगत आले आहेत की ग्रहण हा निव्वळ सावल्यांचा खेळ आहे, गरोदर स्त्रियांनी त्याला भिण्याचे कारण नाही, आणि पितृपंधरवड्यात खरेदी करणे अशुभ नाही. जो माणूस तिथी आणि नक्षत्रे स्वतः गणिताने काढतो त्यानेच हे सांगावे याला वेगळे वजन आहे. ग्रहणाच्या वेधांत गरोदर बाईने चिरू नये, शिवू नये या समजुतीमुळे अनेक घरांत तिला तासन्‌तास अन्नपाण्यावाचून एका जागी बसवले जाते. पण गर्भाचा वरचा ओठ गर्भधारणेच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यादरम्यान जुळून येतो, तेव्हा सातव्या-आठव्या महिन्यात पाहिलेल्या ग्रहणाने तो पुन्हा फाटण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि ओठ न जुळण्याचा धोका वाढवणाऱ्या ज्ञात कारणांत आईचे धूम्रपान येते, ग्रहण येत नाही. १६ फेब्रुवारी १९८० च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या दिवशी मुंबई परिसरातील रस्ते ओस पडले होते. आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. वांगणीच्या माळरानावर रात्रभर आकाशदर्शन करणाऱ्या मंडळींमुळे या पट्ट्यातील शेकडो मुलांनी गुरूचे चंद्र आणि शनीची कडी दुर्बिणीतून पाहिली आहेत, आणि शनीची कडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला साडेसातीची भीती घालणे सोपे जात नाही.

मकर संक्रांतीचेही तसेच. सूर्याचे खरे उत्तरायण २१ किंवा २२ डिसेंबरला सुरू होते आणि संक्रांत येते १४ किंवा १५ जानेवारीला, कारण पृथ्वीचा अक्ष मंदगतीने डोलत असल्यामुळे नक्षत्रांवर आधारलेली तारीख दर सत्तर-बहात्तर वर्षांनी एका दिवसाने पुढे सरकते. १८६३ मध्ये संक्रांत १२ जानेवारीला होती. तिळगूळ देण्यात आणि गोड बोलण्यात याने काहीच उणे होत नाही. पण संक्रांत यंदा अमुक वाहनावर बसून आली आहे, म्हणून एकुलता एक मुलगा असलेल्या आयांनी अमुक रंगाच्या बांगड्या भराव्यात, अशा अफवा ज्या सणाच्या नावावर पसरतात त्या सणाच्या तारखेमागे केवळ भूमिती आहे, हे आयांना कोणीतरी सांगायला हवे.

अफवा किती वेगाने पसरते याचा धडा २१ सप्टेंबर १९९५ रोजी साऱ्या देशाने घेतला. त्या दिवशी गणपतीच्या मूर्ती दूध पितात ही बातमी सकाळपासून दूरध्वनीवरून पसरली आणि दुपारपर्यंत मंदिरांपुढे रांगा लागल्या. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून प्रयोग केला तेव्हा सोंडेला टेकवलेल्या चमच्यातील दूध पृष्ठताणामुळे, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागावरील कणांच्या परस्पर ओढीमुळे, वर खेचले जाते आणि पातळ थराने मूर्तीवरून खाली ओघळते, हे रंगीत रेषेमुळे स्पष्ट दिसले. पांढऱ्या संगमरवरावर पांढरे दूध दिसत नव्हते, एवढाच चमत्कार होता. हा प्रयोग घरच्या ओट्यावर कोणालाही करता येतो आणि मुलांकडून तो जरूर करून घ्यावा. तेव्हा मोबाइल जवळजवळ कोणाकडेच नव्हते. आज तीच अफवा इमारतीच्या गटावर काही मिनिटांत पसरेल, पण तिचे खंडनही त्याच गटावर टाकता येईल, जर टाकणारा भिडेखातर गप्प बसला नाही तर.

सर्पदंश सोडला तर येथवरच्या उदाहरणांत नुकसान पैशांचे, वेळेचे किंवा संधीचे होते. आता ज्या दोन घटना सांगायच्या आहेत त्यांत माणसांचे प्राण आणि देह पणाला लागले. जुलै २०२० मध्ये कल्याणजवळच्या अटाळी येथे एक वृद्ध आई आणि तिचा पन्नाशीतला मुलगा यांना भूतबाधा झाली आहे असे ठरवून, मांत्रिकाच्या सांगण्यावरून, त्यांच्या नातेवाइकांनीच त्यांना मारहाण केली आणि दोघांचाही मृत्यू झाला. मार्च २०२४ मध्ये मुरबाड तालुक्यातील एका गावात पंच्याहत्तर वर्षांच्या वृद्धावर जादूटोण्याचा संशय घेऊन गावकऱ्यांनी त्याला जळत्या निखाऱ्यांवर नाचायला लावले. पहिली घटना महानगरपालिकेच्या उंबरठ्यावरची आहे. मारणारे आणि मार खाणारे एकाच घरातले होते, आणि मारणाऱ्यांना आपण आपल्या माणसाला बरे करतो आहोत असे वाटत होते, हे त्या घटनेचे सर्वांत वेदनादायक अंग आहे.

अंगात येणे, वेगळ्या आवाजात बोलणे, घरच्यांना न ओळखणे, कोणी तरी मागे लागले आहे असे सतत वाटणे, या लक्षणांना मानसोपचारात नावे आणि उपचार आहेत. तीव्र ताणाखाली माणसाची जाणीव काही काळ दुभंगते आणि त्या अवस्थेत तो स्वतःला देवी, पूर्वज किंवा भूत समजून बोलतो. ज्या सुनेचे घरात कोणी ऐकत नाही तिच्या अंगात देवी आली की सासूही हात जोडते, यातून त्या ताणाचा उगम पुष्कळदा स्पष्ट होतो. भास आणि संशय दीर्घकाळ टिकले तर तो छिन्नमनस्कतेसारखा आजार असू शकतो आणि त्यावर औषधे लागतात. ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे, आणि १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था याच शहरात सुरू केली. म्हणजे उपाय दूर नाही. गुजरातेतील मीरा दातार दर्ग्यात तर मुजावरांनाच सोबत घेऊन दवा आणि दुआ असा उपक्रम चालवला गेला, ज्यात भाविकाची प्रार्थना न अडवता त्याला तेथल्या तेथे मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले जात असे. हा मार्ग शहाणपणाचा आहे, कारण घाबरलेल्या कुटुंबाला आधी देवाकडून तोडा आणि मग डॉक्टरकडे या, असे म्हटले तर ते कोठेच येत नाही.

जेथे समजावणे पुरत नाही तेथे कायदा लागतो. साताऱ्याचे डॉक्टर नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते दीर्घकाळ झगडले; २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला निघालेले असताना त्यांची गोळ्या झाडून हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच राज्य सरकारने अध्यादेश काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. हत्येच्या खटल्यात १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप सुनावली आणि तिघांना निर्दोष सोडले.

या कायद्याविषयी गैरसमज फार आहेत, म्हणून त्यात काय आहे ते सांगितले पाहिजे. त्याच्या अनुसूचीत बारा कृत्ये आहेत: भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, बांधून ठेवणे वा मिरचीची धुरी देणे, एखाद्याला चेटूक करणारा ठरवून छळणे, चमत्काराच्या दाव्याने लुबाडणे, नरबळी, साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणे, इत्यादी. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी आहे. दुसरीकडे वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन, घरातील वा कोणत्याही प्रार्थनास्थळातील उपासना यांना तो हात लावत नाही, इतकेच नव्हे तर ज्योतिष आणि वास्तुशास्त्राचा सल्लाही त्याच्या कक्षेबाहेर ठेवलेला आहे. म्हणजे वर सांगितलेला मंगळाचा रकाना कायदा खोडणार नाही. तो आईवडिलांनाच खोडावा लागेल. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अलौकिक गुणांचा दावा करून यंत्रे विकणाऱ्या दूरचित्रवाणीवरील जाहिराती या कायद्याखाली बेकायदा ठरवल्या, त्यामुळे त्याची धार काहीशी वाढली.

कायदा एकाच धर्माविरुद्ध आहे, हा आक्षेप त्याचा मजकूर वाचल्यावर टिकत नाही, कारण अनुसूचीत कोणत्याही धर्माचे नाव नाही आणि ताईत देऊन लुबाडणारा कोणत्या धर्माचा आहे हे ती विचारत नाही. शिवाय स्वतःच्या समाजातील रूढींना प्रश्न विचारण्याची महाराष्ट्राची परंपरा कोणा एका धर्माची राहिलेली नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला, गाडगेबाबांनी हातात झाडू घेऊन कीर्तनातून नवससायास आणि पशुबळी यांवर कोरडे ओढले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ मध्ये धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष न करण्याची प्रतिज्ञा घातली, आणि हमीद दलवाई यांनी १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. हा वारसा पाश्चात्त्य आहे असे म्हणणाऱ्याने किमान गाडगेबाबांचा झाडू आठवावा.

या वारशाचे पाईक आजही आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याणजवळच्या मोहने येथील स्मशानभूमीत एका रहिवाशाने आपला चौपन्नावा वाढदिवस साजरा केला. शंभराहून अधिक पाहुणे आले, त्यांत बायका आणि मुलेही होती, आणि केक कापून बिर्याणीच्या पंगती उठल्या. स्मशानाची भीती व्याख्यानाने जाईल की नाही सांगता येत नाही, पण तेथे जेवून सुखरूप घरी आलेल्या मुलाच्या मनात एक नोंद कायमची झाली, आणि ती नोंद त्याच्या स्वतःच्या अनुभवाची आहे.

वाचकांना विनंती एवढीच की घरात किंवा शेजारी कोणाला बाधा झाली आहे असे ठरत असेल, कोणी त्याला बांधण्याची, उपाशी ठेवण्याची किंवा मारण्याची भाषा करत असेल, तर थांबून पाहू नये. जादूटोणाविरोधी कायद्याखाली पोलीस निरीक्षक दर्जाचे दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे आणि तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते. आजारी माणसासाठी केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे, आणि तेथे मराठीतून बोलता येते.